उन्हाळ्यात इंदूरहून सहकुटुंब सहल आणि कंड्यांवरचे बाफले (कणकेचे उकडून गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले गोळे) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये मुलाबाळांना घेऊन बाहेर पडण्यात काही अर्थ आहे का?

आहे, पण घड्याळ सांभाळून. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. दुपारी पारा 40 च्या वर जातो, कधी 43 लाही टेकतो. पण हवा कोरडी असल्यामुळे सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि पहाट चक्क गार असते. म्हणून पहाटे पाच ते सकाळी दहा हा फिरायचा वेळ आणि संध्याकाळी सहानंतरचा चूल पेटवायचा. अकरा ते पाच छपराखाली. फसलेल्या सहलींची चौकशी केली तर बहुतेकांचं कारण एकच निघतं: आवरता आवरता घरातच नऊ वाजले. डबे, पाणी, कपडे रात्रीच गाडीत गेले पाहिजेत. सकाळी फक्त माणसं बसवायची.

एका दिवसात जाऊन यायला कोणती ठिकाणं बरी?

उन्हाळ्यात उंचावरचं ठिकाण निवडा, नाहीतर पाण्याजवळचं. नुसतं जवळ आहे म्हणून कुठेही जाऊ नका.

महूच्या पुढचं जानापाव घरापासून तासा-सव्वातासावर येतं. उंची साडेआठशे मीटरच्या आसपास, रस्ता थेट वरपर्यंत, त्यामुळे आजी-आजोबांनाही नेता येतं. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती आहे आणि चंबळेचा उगमही तिथलाच. सूर्योदयाला वर असाल तर वारा इतका असतो की लहानांना टोपी घालावी लागते. नऊ वाजता खाली उतरायला लागा.

मांडू इंदूरहून धारमार्गे साधारण शंभर किलोमीटर. तेही उंचावर आहे, पण दगडी फरशी तापली की पाय भाजतात. आधी रूपमतीचा मंडप करा, कारण तिथे सावली कमी. मग बाजबहादूरचा महाल आणि शेवटी होशंगशाहाची कबर, जहाज महाल, हिंडोला महाल हा गावातला भाग. जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध आहे. मेमध्ये तलावातलं पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे फोटोतल्यासारखं ‘जहाज’ दिसेल ही आशा मुलांना आधीच दाखवू नका. रस्त्याच्या कडेला मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंचेची टणक मखमली फळं मिळतात. फोडून आतला पांढरा आंबट गर गोळीसारखा चघळायचा. गाडी लागणाऱ्यांना त्याने बरं वाटतं.

फार लांब नको असेल तर सिरपूर तलाव. 2022 पासून तो आणि यशवंत सागर हे दोन्ही जलाशय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत. साडेपाचला पोचा, दुर्बीण असेल तर न्या, आठला घरी येऊन पोहे-जिलबी. तीन-चार वर्षांच्या पोरांना एवढीच सहल पुरते. राळामंडळची टेकडी हाही सकाळचाच पर्याय, पण ते अभयारण्य आहे, तिथे चुलीचा विचारही नको.

पातालपाणी, तिंछा, चोरलचे धबधबे?

मे महिन्यात तिथे कोरडा कडा दिसतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर जा, आणि तेव्हा पाण्यात उतरू नका. 2011 च्या जुलैत पातालपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला गेलेलं कुटुंब वाहून गेलं होतं. पाऊस तुमच्या डोक्यावर नसतो, तो वर कुठेतरी पडत असतो.

महेश्वर उन्हाळ्यात झेपतं का?

झेपतं, पण ते निमाडात आहे हे ध्यानात ठेवा. विंध्याचा घाट उतरला की आपण चारशे मीटर खाली येतो आणि इंदूरपेक्षा दोन-तीन अंश जास्त ऊन लागतं. पहाटे साडेचारला निघालात तर सातच्या आत घाटावर असाल. नऊपर्यंत घाट आणि नाव, मग वर किल्ल्यात अहिल्याबाईंचा राजवाडा आणि देवघर, साडेदहापर्यंत मागावरची साडी बघायची. अकराला परतीला लागायचं. ‘जेवून थोडं पडू आणि मग निघू’ असं कोणी म्हणेल, त्याचं ऐकू नका. ती तीनची गाडी लहानांना आजारी पाडते. 31 मेला अहिल्याबाईंची जयंती असते. तेव्हा गर्दी आवडत असेल तरच जा.

नर्मदेत आंघोळ करायचीच असेल तर बांधलेल्या घाटाच्या पायऱ्यांवर, साखळी धरून, लोटा घेऊन. सहस्रधारेच्या बाजूला पोरांना खडकावर सोडू नका, शेवाळ आणि भोवरे दोन्ही आहेत. शिवाय वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की भर उन्हाळ्यातही पातळी चढते. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावस्येच्या स्नानासाठी जमलेले कितीतरी भाविक अशा सोडलेल्या पाण्यातच वाहून गेले. भोंगा ऐकू आला की सामान तिथेच टाकून वर या. नावेत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, लहान मापाचं नसेल तर लहान मूल बसवू नका.

चूल कुठे पेटवायची? जंगलात चालतं का?

नाही. राखीव जंगलात आग पेटवणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा राहू द्या बाजूला, चोरल-मानपूरकडची सागाची झाडं उन्हाळ्यात पानं गाळून बसलेली असतात आणि खाली गुडघाभर वाळका पाचोळा. एक ठिणगी बास. चुलीसाठी ओळखीच्यांचं शेत, ज्या देवस्थानात बाफल्यांसाठी जागा आखून दिलेली असते ते आवार, नाहीतर घरची गच्ची. शेतात गव्हाची काढणी झालेली असेल तर आजूबाजूच्या धांड्यांपासून किमान दहा-बारा पावलं लांब, मोकळी माती उकरून आळं करा. दुपारी वावटळ सुटते, तेव्हा पेटवू नका.

आठ जणांना बाफले किती आणि माप काय?

मोठ्यांना तीन, मुलांना दोन धरून चोवीस बाफले पुरतात. बाजारात बाटीचं म्हणून जाडसर पीठ मिळतं तेच घ्या. पोळीच्या बारीक कणकेचे बाफले चिवट होतात.

बाटीचं पीठ 1 किलो, मक्याचं पीठ 200 ग्रॅम (नसेल तर जाड रवा), मोहनाला पातळ केलेलं तूप 200 ग्रॅम, दही अर्धी वाटी, ओवा आणि बडीशेप एकेक चमचा, मीठ तीन चहाचे चमचे, हळद अर्धा चमचा, खायचा सोडा पाव चमचा. तूप पिठाला चांगलं चोळा. मूठ आवळली की मुटका झाला पाहिजे. तो सुटत असेल तर तूप कमी पडलं. मग दही घालून कोमट पाण्याने पुरीपेक्षाही घट्ट भिजवा. पाणी साधारण अर्धा लिटर लागतं, पण एकदम ओतू नका. तिंबत बसायचं नाही. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवून लिंबाहून थोडे मोठे, 80 ग्रॅमचे गोळे करा आणि वरून अंगठ्याने किंचित दाबा.

मोठ्या पातेल्यात पाच लिटर पाणी खळखळ उकळू द्या, त्यात चिमूटभर हळद आणि मीठ. गोळे बारा-बाराच्या दोन घाण्यांत सोडा. आठ-दहा मिनिटांत ते वर तरंगतात आणि बहुतेक जण तिथेच फसतात. तरंगला म्हणजे शिजला नव्हे. अजून सात-आठ मिनिटं राहू द्या, मग सुरी घालून बघा. ओलं पीठ चिकटलं नाही तर काढा. सुती कापडावर वीस मिनिटं पसरून कोरडे होऊ द्या. बाटी आणि बाफल्यात फरक या उकडण्याचाच. बाटी थेट विस्तवावर जाते.

उकडलेले बाफले घरून नेले तर चालतील?

तेच सोयीचं. शेतात पाच लिटर पाणी उकळण्यात तास जातो. फक्त प्लास्टिकच्या डब्यात भरू नका, घाम सुटून चिकट होतात आणि आंबतात. टोपलीत सुती कापड, त्यावर एका थरात बाफले, वर दुसरं कापड, आणि तीन तासांच्या आत विस्तवावर.

विस्तव कसा करायचा?

चोवीस बाफल्यांना मध्यम आकाराचे वीस-पंचवीस कंडे लागतात. गोवऱ्या खणखणीत वाळलेल्या हव्यात. हातात हलक्या लागतात आणि मोडताना कट्कन आवाज येतो. ओलसर कंड्याचा धूर डोळ्यांत तर जातोच, बाफल्यातही जातो. मधे पोकळी ठेवून उभे रचा, पोकळीत दोन कापराच्या वड्या आणि तुपात भिजवलेली कापसाची वात. घासलेट किंवा पेट्रोल अजिबात नाही. भडक्याचा धोका वेगळाच, पण तो वास दालीपर्यंत पोचतो.

पाऊण तास लागतो. ज्वाळा आणि धूर पूर्ण थांबून, आत केशरी आणि वर पांढऱ्या राखेचा थर आला की विस्तव तयार. भूक लागलेल्या पाहुण्यांच्या आग्रहाखातर ज्वाळेवर बाफले टाकले की बाहेरून कोळसा आणि आत कणीक, हे ठरलेलं. निखारे चिमट्याने मोडून पसरा, अर्धे बाजूला ओढा. उरलेल्यांवर बाफले मांडा आणि दर तीन-चार मिनिटांनी फिरवा. सगळीकडून डाग पडले की गरम राखेत पुरून वर बाजूचे निखारे घाला, पंधरा ते वीस मिनिटं. झालेल्या बाफल्याला वर चीर जाते आणि टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो.

मग जुन्या पंच्यात आठ-दहा बाफले घेऊन दोन्ही टोकं धरून खुळखुळवायचे, राख झडते. तळहातावर दाबून फोडायचा आणि तो गरम असतानाच तुपात बुडवायचा. निवलेला बाफला तूप पीत नाही. चोवीस बाफल्यांना अर्धा किलो तूप बाजूला ठेवा. हे जास्त वाटत असेल तर त्या दिवशी खिचडी करावी.

आमचे बाफले दगडासारखे होतात, कधी उकडतानाच फुटतात. काय चुकतं?

दगड होण्याची कारणं तीन: मोहन कमी, कणीक जास्त तिंबलेली, किंवा उकडल्यावर कोरडे न करता तासभर विस्तवावर विसरलेले. फुटतात ते पाणी पुरतं उकळायच्या आत सोडले म्हणून, किंवा मका आणि सोडा जास्त झाला म्हणून. पहिला एकच गोळा सोडून पाहा. फुटला तर उरलेल्या कणकेत मूठभर गव्हाचं पीठ मिसळता येतं. चोवीस सोडल्यावर काही करता येत नाही.

दाल तिथे करायची की न्यायची?

तूरडाळ 400 ग्रॅम आणि चणाडाळ 100 ग्रॅम, हळद-हिंग घालून घरीच कुकरला घट्ट शिजवा आणि निघताना उकळती गरम थर्मासच्या डब्यात भरा. तिथे पातेल्यात पाणी घालून सैल करा, दोन कैऱ्यांच्या फोडी टाकून दहा मिनिटं खळखळ उकळा. उन्हाळ्यात आमसूल किंवा चिंचेची गरज नाही. फोडणी शेवटी, वरून: तूप, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, सुक्या मिरच्या. बाफला दाल शोषतो, म्हणून वरणापेक्षा थोडी पातळच ठेवा. चुरम्याचे लाडू आदल्या दिवशी करून न्या. विस्तवाशेजारी लाडू वळायला कोणालाच उसंत नसते.

बाफले झाल्यावर एवढे निखारे उरतात, त्यांचं काय?

तेच खरं भांडवल. भरताची वांगी टोचे मारून आणि तेलाचा हात लावून आत सरकवा, सोबत सालासकट कांदे. आणि कैऱ्या. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याची चव उकडलेलीला येत नाही. चार मोठ्या कैऱ्या वीस-पंचवीस मिनिटं फिरवत भाजा, साल सुरकुतून काळी पडली आणि दाबल्यावर मऊ लागली की काढा. गर काढून वजनाच्या दीडपट गूळ, कैरी फार आंबट असेल तर दुप्पट. काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वेलदोडा. हा गोळा डब्यात भरून घरी न्या. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, एक वाटीला चार वाट्या गार पाणी.

गच्चीवर करायचं तर?

नुसत्या स्लॅबवर किंवा फरशीवर विस्तव ठेवला तर फरशी तडकते आणि वॉटरप्रूफिंग जातं. विटांचा थर, त्यावर दोन-तीन इंच वाळू, त्यावर लोखंडी घमेलं. प्लास्टिकच्या टाकीपासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब. पत्र्याच्या बंद शेडमध्ये कधीही नाही. कंड्यांच्या विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगा, दोन बाफले पाठवा.

चूल नको, डबाच न्यायचा असेल तर काय टिकतं?

दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळ्या, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, लोणचं, सेव-परमल (शेव-कुरमुरे). दहीभात न्यायचा असेल तर भात दुधात कालवून चमचाभरच विरजण लावा. वाटेत लागतो आणि खायच्या वेळी आंबट होत नाही. उकडलेल्या बटाट्याची भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी, श्रीखंड आणि पनीर घरी ठेवा. बत्तीसच्या वर तापमान असेल तर असे पदार्थ तासाभरातच धोक्याचे होऊ लागतात, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. टरबूज तिथेच कापा. आधी कापलेलं नेऊ नका, रस्त्यावर कापून ठेवलेलं घेऊ नका.

पाणी किती?

मोठ्यांना तीन लिटर, मुलांना दीड ते दोन, आणि हात धुण्या-विझवण्यासाठी वेगळं दहा-पंधरा लिटर. बाटल्या पाऊणच भरून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ नसेल तर ओल्या जाड कापडात गुंडाळलेली बाटली सावलीत आणि वाऱ्यावर टांगा. आपल्या कोरड्या हवेत हे झकास चालतं.

कोणाला ऊन लागलं तर?

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं इथवर असेल तर सावली, आडवं झोपवणं आणि मीठ-साखरेचं पाणी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट-घोट. पण अंग तव्यासारखं तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झापड आली, तर तो उष्माघात आहे. 108 ला फोन करा आणि वाट बघत बसू नका: कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओल्या गार घड्या ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

हाताने फिरवायच्या पॉटमधलं आईस्क्रीम नीट जमत नाही.

दोन लिटर म्हशीचं दूध आटवून सव्वा लिटर करा, 250 ग्रॅम साखर घाला, आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. कोमट दूध घातलं की निम्मा बर्फ तिथेच संपतो. डबा दोन-तृतीयांशच भरा, कारण फिरवताना ते फुगतं. भोवती ठेचलेला बर्फ आणि खडे मीठ वजनाने चारास एक, थरावर थर. साधारण सहा किलो बर्फाला दीड किलो मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली असतानाच वितळतो आणि वितळताना लागणारी उष्णता डब्यातून ओढतो. नुसत्या बर्फाने दूध गार होईल, गोठणार नाही. म्हणून ते खारं पाणी सगळं काढून टाकू नका. फक्त बादलीच्या भोकाच्या वर चढू देऊ नका, झाकणाच्या कडेतून एक थेंब आत गेला तरी सगळं खारट.

हापूस किंवा बदाम आंब्याचा घट्ट रस (400 ग्रॅम) सुरुवातीला घालू नका. पंधरा मिनिटांनी दांडा जड लागू लागला की झाकण पुसून मगच उघडा आणि रस ओता. आधी घातला तर दूध फाटल्यासारखं होतं. अजून दहा-बारा मिनिटं, दांडा फिरेनासा झाला की थांबा. खारं पाणी झाडाच्या मुळाशी ओतू नका.

घाटात गाडी तापते.

सकाळी टायर गार असतानाच हवा तपासा आणि कूलंट बघा. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. काटा चढला तर एसी बंद करून सावलीत थांबा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

विस्तव विझवायचा कसा, कचऱ्याचं काय?

मातीने झाकणं म्हणजे विझवणं नव्हे. कंडा आतल्या आत रात्रभर जिवंत राहतो आणि सकाळी वाऱ्याने पुन्हा फुलतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, उलटा हात जवळ नेऊन धग लागते का पाहा. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरलेत तर कचरा जवळपास उरतच नाही. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर देशभर बंदी आहे. बाकीचं दोन पिशव्यांत, ओला आणि सुका, घरच्या गाडीत. शहरात कचरागाडीची वाट बघणारे आपणच शेताच्या बांधावर पिशव्या टाकून येतो, हे शोभत नाही.

उरलेले बाफले?

तूप न लावलेले वेगळे ठेवा, दुसऱ्या दिवशी चालतात. हाताने जाडसर कुस्करा, ताकाचा हबका मारून दहा मिनिटं झाका, मग मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि कांद्याच्या फोडणीत परता, वर जिरावन मसाला आणि बारीक सेव. तूप लावलेले असतील तर गुळाचा चुरा आणि वेलदोडा घालून मुलांना द्या.